मिठागरावरचा महापौर

जुलै 1940. अमेरिकेतील युटा राज्याची राजधानी असलेल्या सॉल्ट लेक सिटीचे महापौर त्या दिवशी नगरभवनातील आपल्या खुर्चीत नव्हते. शहरापासून पश्चिमेला सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, नेवाडा राज्याच्या सीमेलगत पसरलेल्या पांढऱ्याशुभ्र मिठाच्या मैदानावर ते एका अजस्र मोटारीच्या चक्रामागे बसले होते. मोटारीला विमानाचे बारा सिलिंडरचे इंजिन जोडलेले होते. मिठावर आखलेल्या प्रचंड वर्तुळात ती दिवसभर फिरत राहिली, सूर्य मावळल्यावर दिव्यांच्या खुणांच्या आधाराने रात्रभर फिरली आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हातही फिरतच होती. चोवीस तास पूर्ण झाले तेव्हा तिने 3,868 मैल, म्हणजे सुमारे 6,225 किलोमीटर अंतर कापले होते. मुंबई ते दिल्ली हे अंतर चार वेळा तोडूनही काही शेकडा किलोमीटर उरावेत, एवढी ही मजल होती. सरासरी वेग होता ताशी 161.18 मैल, म्हणजे सुमारे 259 किलोमीटर.

त्या महापौरांचे नाव डेव्हिड अ‍ॅबट जेन्किन्स. वय वर्षे 57. सारी अमेरिका त्यांना अ‍ॅब जेन्किन्स या नावाने ओळखत असे. मोटार शर्यतींच्या इतिहासात त्यांचे स्थान मोठे आहे. पण एका प्रांतिक शहराचा प्रथम नागरिक पदावर असताना जगातील सर्वांत दीर्घ काळ टिकलेल्या विक्रमांपैकी एक विक्रम करतो, ही गोष्ट शर्यतींच्या इतिहासातही एकमेवाद्वितीयच म्हणावी लागेल.

सुतारकाम ते मोटारसायकल

जेन्किन्स यांचा जन्म 25 जानेवारी 1883 रोजी युटामधील स्पॅनिश फोर्क या छोट्या गावी झाला. युटा तेव्हा राज्यही नव्हते. मॉर्मन पंथाच्या अनुयायांनी 1847 पासून या ओसाड प्रदेशात वस्ती केली होती आणि त्याला अमेरिकन संघराज्यात राज्याचा दर्जा मिळाला तो 1896 मध्ये, म्हणजे जेन्किन्स तेराव्या वर्षात असताना. डोंगर, वाळवंट आणि खारे पाणी यांनी वेढलेल्या या मुलखात कष्ट, काटकसर आणि पंथनिष्ठा या तीन गोष्टींचे संस्कार बालपणापासूनच होत असत. जेन्किन्स अखेरपर्यंत निष्ठावान मॉर्मन राहिले. मद्य आणि तंबाखू पंथाला वर्ज्य. त्यांनीही ती कधी जवळ केली नाहीत.

पोटापाण्यासाठी त्यांनी सुतारकाम पत्करले आणि पुढे ते इमारतींचे कंत्राटदार झाले. वेगाचे वेड मात्र तरुणपणापासूनच होते. 1910 मध्ये नेवाडातील रीनो या गावी जॅक जॉन्सन आणि जिम जेफ्रीज यांच्यात मुष्टियुद्धाचा गाजलेला सामना व्हायचा होता. तो पाहण्यासाठी सत्तावीस वर्षांचे जेन्किन्स मोटारसायकलवरून निघाले. वाटेत धड रस्ता नव्हता. या प्रवासात त्यांची गाडी प्रथमच बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर आली. समोर क्षितिजापर्यंत एकही झाड नाही, झुडूप नाही, चढ नाही की उतार नाही. तेथे त्यांनी मोटारसायकल मनसोक्त पळवली. सामन्याचा निकाल जगाच्या लक्षात राहिला. जेन्किन्स यांच्या लक्षात राहिले ते मीठ.

मिठाचे मैदान

या मैदानाची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी, कारण जेन्किन्स यांचे सारे आयुष्य तिच्याशी बांधलेले आहे. हिमयुगाच्या काळात पश्चिम युटाचा फार मोठा भाग बॉनव्हिल नावाच्या सरोवराखाली होता. सरोवर आटले, त्यातील क्षार तळाशी राहिले. सॉल्ट लेक सिटीजवळचे प्रसिद्ध खारे सरोवर हा त्याचाच उरलेला अंश, आणि बॉनव्हिलचे मैदान हा त्याचा वाळलेला तळ. हिवाळ्यात या मैदानावर पाण्याचा पातळ थर साचतो. वरचे मीठ त्यात विरघळते, वारा ते पाणी इकडून तिकडे फिरवतो आणि उन्हाळ्यात पाण्याची वाफ झाली की मागे सपाट, कठीण कवच उरते. निसर्ग दरवर्षी स्वतःच्या हाताने धावपट्टी घोटून देतो, असे म्हटले तरी चालेल.

आपल्याकडे कोकण किनाऱ्यावरची मिठागरे पाहिलेल्यांना ही प्रक्रिया परिचयाची वाटेल. फरक आहे तो आकाराचा. शर्यतीच्या दृष्टीने या मिठाचा आणखी एक गुण मोलाचा होता. कवचाखाली ओलावा असल्यामुळे पृष्ठभाग थंड राहतो. अतिवेगात टायर तापून फाटणे हा त्या काळच्या चालकांपुढचा सर्वांत मोठा धोका होता; मिठावर तो पुष्कळ कमी होत असे.

या जागेचे महत्त्व ओळखणारे जेन्किन्स पहिले नव्हेत. बिल रिशेल नावाच्या सायकलपटूने 1896 मध्ये हे मैदान पार केले होते आणि पुढे मोटार शर्यतींसाठी त्याचा प्रचारही केला होता. 1914 मध्ये टेडी टेट्झलाफ या चालकाने येथे ताशी 141 मैलांचा वेग गाठला. पण त्याला अधिकृत मान्यता मिळाली नाही. जग या कोपऱ्याला विसरून गेले. वेगाचे विक्रम करायचे तर फ्लोरिडातील डेटोनाचा समुद्रकिनारा, अशीच समजूत रूढ झाली.

आगगाडीशी पैज

1925 मध्ये सॉल्ट लेक सिटीहून सीमेवरच्या वेंडोव्हर गावाकडे जाणारा नवा रस्ता मिठावरून तयार झाला. त्याच्या उद्घाटनाच्या निमित्ताने एक गंमत ठरली. लोहमार्गावरून खास आगगाडी जाणार होती. तिच्याशी जेन्किन्स यांनी आपल्या स्टुडबेकर मोटारीतून शर्यत लावायची. मोटार आगगाडीला हरवील, यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. जेन्किन्स पाच मिनिटे आधी पोहोचले. त्यांचे नाव प्रथमच राज्याबाहेर गेले ते या पैजेमुळे.

पुढच्याच वर्षी, 1926 मध्ये, त्यांनी रे पेक या सहकाऱ्यासह न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को हा अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास स्टुडबेकरमधून 86 तास 20 मिनिटांत पूर्ण केला. त्या काळी या मार्गाचा बराच भाग कच्चा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या वेगाचे मोल कळते. मोटार कंपन्यांना असा माणूस हवाच होता. गाडीचा टिकाऊपणा लोकांना पटवून द्यायचा तर ती अ‍ॅब जेन्किन्स यांच्या हाती द्यावी, असा जणू पायंडाच पडला. येथे त्यांच्या स्वभावाचा एक विशेष सांगायला हवा. क्षणिक वेगापेक्षा टिकून राहणाऱ्या वेगाचे त्यांना अधिक आकर्षण होते. एका मैलात सर्वाधिक वेग कुणाचा, या स्पर्धेत ते फारसे उतरले नाहीत. तासन् तास, दिवसरात्र, न थकता कोण चालवू शकतो, हा त्यांचा प्रश्न होता.

विक्रम झाला, पण पटेना

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर त्यांनी 1932 मध्ये दिले. पिअर्स-अ‍ॅरो या कंपनीची बारा सिलिंडरची मोटार घेऊन ते मिठावर उतरले. दहा मैलांचे वर्तुळ आखले गेले. चोवीस तास ते एकटेच चालवत राहिले. इंधनासाठी आणि टायरसाठी गाडी थांबे तेवढाच काय तो विसावा. अखेरीस 2,710 मैल झाले, सरासरी ताशी जवळपास 113 मैल. जेन्किन्स तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते.

आश्चर्य असे की, या पराक्रमाचा उदोउदो झाला नाही. अधिकृत देखरेखीखाली ही धाव झालेली नव्हती आणि असे काही एका माणसाला शक्य आहे, हेच अनेकांना पटेना. दुसरा एखादा माणूस चिडला असता. जेन्किन्स यांनी पुढच्या वर्षी अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या कालमापकांना बोलावले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत आधीपेक्षाही अधिक वेगाने चोवीस तास गाडी चालवून दाखवली. या धावांबाबत एक गोष्ट आजही सांगितली जाते. धाव संपत आली असताना, ताशी शंभर मैलांहून अधिक वेगात, त्यांनी चालत्या गाडीतच दाढी केली. उतरल्यावर छायाचित्रकारांसमोर नीटनेटके दिसावे, एवढाच त्यामागचा हेतू. 1934 मध्ये त्यांनी हाच आकडा ताशी 127 मैलांवर नेला.

1935 मध्ये त्यांनी आणखी एक मजेशीर विक्रम केला. हवेचे रबरी टायर बसवलेला अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीचा शेतीचा ट्रॅक्टर त्यांनी याच मिठावर ताशी जवळपास 68 मैल, म्हणजे सुमारे 109 किलोमीटर वेगाने पळवला. ट्रॅक्टरला तोवर लोखंडी चाके असत. शेतकऱ्यांना रबरी टायर पटवून देण्यासाठी हा खटाटोप होता.

इंग्रज पाहुणे आणि 'मॉर्मन मीटिऑर'

जेन्किन्स यांच्या धावांची कीर्ती अटलांटिकपलीकडे पोहोचली आणि 1935 च्या उन्हाळ्यात बॉनव्हिलचे नशीब पालटले. प्रथम इंग्लंडचे जॉन कॉब आले आणि त्यांनी चोवीस तासांचा विक्रम ताशी 134 मैलांच्या पुढे नेला. ऑगस्टअखेर जेन्किन्स यांनी ड्युझेनबर्ग मोटारीतून ताशी 135.58 मैलांची सरासरी गाठून तो परत मिळवला. काही दिवसांतच, 3 सप्टेंबर 1935 रोजी, सर माल्कम कॅम्पबेल यांनी याच मैदानावर ताशी 300 मैलांचा टप्पा ओलांडून जगाला थक्क केले. त्याच महिन्यात जॉर्ज आयस्टन यांनी चोवीस तासांचा मान ताशी 140 मैलांच्या सरासरीने पुन्हा इंग्लंडकडे नेला. डेटोनाचा किनारा मागे पडला तो कायमचाच.

या चढाओढीत कटुता नव्हती, ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. आपल्या मैदानावर आलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे जेन्किन्स यांनी स्वागत केले, त्यांना मिठाची माहिती दिली, मदत केली. मैदान मोठे झाले तर सर्वांचाच लाभ, असा त्यांचा हिशेब असावा. आपल्या विक्रमावर टपून आलेल्या पाहुण्याला घरची वाट दाखवणे सर्वांनाच जमत नाही.

तथापि, ताशी 140 मैलांच्या पुढे जायचे तर ड्युझेनबर्गचे मूळ इंजिन पुरे पडणार नव्हते. जेन्किन्स यांनी त्या जागी कर्टिस कंपनीचे 'कॉन्करर' हे विमानाचे इंजिन बसवले. नव्या रूपातील गाडीला नाव काय द्यावे, यासाठी सॉल्ट लेक सिटीतील 'डेझरेट न्यूज' या दैनिकाने वाचकांची स्पर्धा घेतली आणि 'मॉर्मन मीटिऑर', म्हणजे मॉर्मनांची उल्का, हे नाव ठरले. एका चालकाची गाडी अशी साऱ्या शहराची गाडी झाली. 1936 मध्ये आयस्टन आणि कॉब यांनी पुन्हा विक्रम उंचावला. जेन्किन्स यांनी उल्केतून चोवीस तासांत ताशी 153.82 मैलांची सरासरी गाठून तो परत खेचून आणला. तेवढ्यावर न थांबता गाडी पुढे चालू ठेवून अठ्ठेचाळीस तासांचाही विक्रम केला. 1937 मध्ये हाच आकडा 157.27 वर गेला.

विमानाच्या इंजिनाचा भार मूळ सांगाड्याला पेलवत नव्हता. म्हणून ऑगी ड्युझेनबर्ग यांच्या देखरेखीखाली इंजिनासाठीच घडवलेली नवी गाडी तयार झाली. तिचे नाव 'मॉर्मन मीटिऑर-3'. जेन्किन्स यांचे चिरंजीव मार्व्हिन हेही तिच्या घडणीत सहभागी होते. कारखान्यांकडे असलेली साधनसामग्री या पितापुत्रांकडे नव्हती. आपल्या गाड्यांवर तंबाखूच्या जाहिराती लावून मिळू शकणारा पैसा जेन्किन्स यांनी पंथनिष्ठेपायी नाकारला होता. गरज असताना नाकारलेला पैसा, ही त्या माणसाची खरी ओळख होती. पुढे मतदारांनी त्यांच्याकडे पाहिले तेही बहुधा याच नजरेने.

न बोलता जिंकलेली निवडणूक

सॉल्ट लेक सिटीचे राजकारण 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात बरेच गढूळ झाले होते. 1936 मध्ये महापौर झालेले ई. बी. अर्विन यांच्यावर जुगार आणि वेश्याव्यवसायाच्या अड्ड्यांना पैसे घेऊन अभय दिल्याचा आरोप झाला. पोलिसप्रमुखही त्यात अडकले. 1938 मध्ये प्रकरण न्यायालयात गेले, महापौर दोषी ठरले आणि त्यांना पद सोडावे लागले. उरलेला काळ जॉन वॉलेस यांनी कारभार पाहिला. धर्मनिष्ठ म्हणून मिरवणाऱ्या शहराला आपल्याच नगरभवनाची लाज वाटावी, अशी ही वेळ होती.

या पार्श्वभूमीवर 1939 च्या निवडणुकीत जेन्किन्स यांचे नाव पुढे आले. त्यांना प्रशासनाचा अनुभव नव्हता. राजकीय पक्षाचे पाठबळ उभे करण्याची धडपडही त्यांनी केली नाही. प्रचाराचे एकही भाषण न करता आणि प्रचारावर पैसा खर्च न करता ते निवडून आले, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. मतदारांनी त्यांच्यात काय पाहिले असावे? वेग तर होताच. पण त्याहून अधिक म्हणजे ज्याला विकत घेता येत नाही असा माणूस. लाचखोरीने विटलेल्या शहराला तंबाखूचा पैसा नाकारणारा विक्रमवीर जवळचा वाटला, यात नवल नाही.

मात्र लोकप्रियता आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडील महानगरपालिकांत महापौराचे पद मानाचे आणि कारभार आयुक्तांच्या हाती, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांना ठाऊक आहे. सॉल्ट लेक सिटीत तेव्हा वेगळीच पद्धत होती. महापौर आणि चार कमिशनर अशा पाच जणांचे मंडळ शहर चालवीत असे. प्रत्येकाकडे एकेक खाते आणि प्रत्येकाला एकेक मत. म्हणजे महापौर हा पाचांतला एक. गाडीत सारे काही एका माणसाच्या दोन हातांवर अवलंबून असते. नगरभवनात तीन हात वर झाल्याशिवाय काहीच हलत नाही. आयुष्यभर एकट्याने चाक धरलेल्या माणसाला हा बदल सोपा गेला नसेल.

महापौर पुन्हा मिठावर

1940 च्या प्रारंभी त्यांनी पदाची सूत्रे घेतली आणि जुलैमध्ये ते मिठावर उतरले. सोबतीला क्लिफ बर्जेर हे अनुभवी चालक होते. या धावेचा हिशेब आरंभी दिलाच आहे. एकाच धावेत अनेक अंतरांचे आणि कालावधींचे विक्रम मोडले गेले. त्यात चोवीस तासांचा विक्रम मुकुटमण्यासारखा ठरला.

शहराच्या प्रमुखाने असा जीव धोक्यात घालावा काय, हा प्रश्न आज कुणीही विचारील. वेगाचे आकर्षण असलेल्या माणसाने सार्वजनिक पद घेतल्यावर आवर घालावा, असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच चुकीची नाही. ताशी अडीचशे किलोमीटर वेगात एखादा टायर फुटला असता तर शहराला नव्याने महापौर शोधावा लागला असता. दुसरीकडे, ज्या गुणांसाठी लोकांनी त्यांना निवडले ते गुण मिठावरच दिसले होते. शिवाय जेन्किन्स हे बेफाम चालकांपैकी नव्हते. सुरक्षित वाहन चालवण्याचा ते हिरिरीने पुरस्कार करीत. सार्वजनिक रस्त्यावर वेग दाखवायचा नसतो, त्यासाठी मोकळे मैदान आहे, ही त्यांची भूमिका होती आणि रस्त्यावर लाखो मैल निर्वेध गाडी चालवल्याचा त्यांना अभिमान होता. आज आपल्या महामार्गांवर रोज होणारे अपघात पाहता, जगातील अत्यंत वेगवान माणसांपैकी एकाने पाळलेला हा संयम विशेष मोलाचा वाटतो.

डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि शहराचे रूप बदलले. परिसरात लष्करी तळ उभे राहिले. मिठाच्या मैदानालगतच्या वेंडोव्हरला बॉम्बफेकी विमानांचे प्रशिक्षण सुरू झाले. रबर दुर्मीळ झाले, पेट्रोलवर नियंत्रण आले आणि टायर वाचवण्यासाठी 1942 मध्ये देशभर मोटारींना ताशी 35 मैलांची, म्हणजे अवघ्या 56 किलोमीटरची मर्यादा घालण्यात आली. जगात चोवीस तास सर्वाधिक वेगाने गाडी चालवणारा माणूस ज्या शहराचा महापौर, त्या शहरातील मोटारीही आता संथ गतीने धावू लागल्या. नियतीचा हा विनोद जेन्किन्स यांच्याही लक्षात आला असेल.

1943 मध्ये त्यांनी आपली 'मॉर्मन मीटिऑर-3' युटा राज्याच्या स्वाधीन केली. किंमत घेतली एक डॉलर. गाडी राज्याच्या विधानभवनात जनतेला पाहण्यासाठी ठेवण्यात आली. 1944 च्या आरंभी त्यांची मुदत संपली आणि रेडिओच्या क्षेत्रात नावाजलेले अर्ल ग्लेड हे नवे महापौर झाले. ग्लेड पुढे बारा वर्षे त्या पदावर राहिले. जेन्किन्स यांच्या वाट्याला चारच वर्षे आली, तीही बव्हंशी युद्धाच्या छायेतली. शहराच्या कारभारावर त्यांनी ठसा उमटवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. कलंकित झालेल्या पदावर एक स्वच्छ माणूस बसला आणि स्वच्छच उठला, एवढे मात्र निश्चित म्हणता येईल. ही कामगिरी लहान मानण्याचे कारण नाही.

अखेरची धाव

पद गेले तरी मीठ सुटले नाही. 1950 मध्ये सदुसष्टाव्या वर्षी विधानभवनातील गाडी पुन्हा मैदानावर आणून त्यांनी आणखी काही विक्रम नोंदवले. 1956 च्या उन्हाळ्यात पॉन्टिअॅक कंपनीच्या मोटारीतून त्यांनी मार्व्हिन यांच्यासह पुन्हा चोवीस तासांची धाव घेतली. 2,841 मैल, सरासरी ताशी 118 मैलांहून अधिक. त्रेहात्तर वर्षांचे वडील आणि त्यांचा मुलगा आळीपाळीने चाक धरत होते. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या गटातली ही मजल अमेरिकेत तोवर कुणी मारलेली नव्हती.

त्यानंतर काही आठवड्यांतच, 9 ऑगस्ट 1956 रोजी, विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी पॉन्टिअॅकने आपल्या नव्या गाडीला 'बॉनव्हिल' हे नाव दिले. चार-पाच दशके हे नाव अमेरिकेच्या रस्त्यांवर फिरत राहिले. त्यामागे एका सुताराने 1910 मध्ये मोटारसायकलवरून पाहिलेले मैदान आहे, याची जाणीव गाडी घेणाऱ्यांपैकी किती जणांना असेल?

जे उरले ते

1940 चा तो विक्रम युद्धाने अबाधित ठेवला असेल, असे प्रथम वाटले होते. युद्ध संपले, इंजिने सुधारली, टायर सुधारले, तरी चोवीस तासांचा आकडा हलेना. तो मोडला गेला मार्च 1990 मध्ये, टेक्सासमधील टायर चाचणीच्या मार्गावर. शेवरोले कॉर्व्हेट मोटार, आठ चालकांचा चमू आणि सरासरी ताशी 175.885 मैल. जेन्किन्स यांनी एका सोबत्यासह केलेले काम मोडायला पन्नास वर्षे आणि आठ माणसे लागली.

त्यांच्या गाड्यांचे भाग्य निरनिराळे ठरले. विमानाचे इंजिन काढून पुन्हा मूळ रूपात आणलेली ड्युझेनबर्ग 2004 मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात 44 लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली आणि 2007 मध्ये पेबल बीच येथील जगप्रसिद्ध प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट ठरली. एका डॉलरला राज्याला दिलेल्या 'मीटिऑर-3'ची विधानभवनात मात्र हवी तशी निगा राखली गेली नाही. तिची दुरवस्था पाहून व्यथित झालेल्या मार्व्हिन यांनी वर्षानुवर्षे खपून तिला नवे रूप दिले. सरकारी जागेत ठेवलेल्या वारशाचे काय होते, हे महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

आणि ते मैदान? तेच आज संकटात आहे. पोटॅश काढण्यासाठी अनेक दशके तेथील क्षारयुक्त पाणी उपसले गेले. मिठाचे कवच पातळ होत गेले आणि वेगाच्या धावांसाठी मिळणारी लांबी आक्रसली. खारे पाणी मैदानावर परत सोडण्याचे प्रयोग झाले. तरीही 2014 मध्ये पाण्यामुळे आणि 2015 मध्ये खराब पृष्ठभागामुळे तेथील वार्षिक वेगसप्ताह रद्द करावा लागला. हे कवच नेमके कशाने झिजते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ते झिजले आहे, याबद्दल दुमत नाही.

महापौर येतात आणि जातात. नगरभवनाच्या भिंतीवरील तसबिरींच्या रांगेत त्यांची नावे मिसळून जातात. विक्रमही मोडण्यासाठीच असतात. जेन्किन्स यांनी मागे ठेवलेली खरी ठेव म्हणजे जगाच्या नकाशावर आणलेले एक मैदान आणि पैशापुढे न झुकलेले एक सार्वजनिक जीवन. त्यांपैकी दुसऱ्याची आठवण ठेवणे लोकांच्या हाती आहे. पहिले टिकेल की नाही, हे मात्र आता त्या पातळ होत चाललेल्या मिठावर अवलंबून आहे.